खाडीकाठची विहीर

घरी यंत्र मांडून, कोणाचीही मजुरी न घेता, निव्वळ हौसेखातर कपडे शिवणे हा विचारी माणसाने करावयाचा उद्योग नव्हे, असा निवाडा आमच्या कशेळीत वास्तव्य करणाऱ्या एका व्यासंगी प्राध्यापकमहाशयांनी अलीकडेच एका वाचकमंडळापुढे वाचलेल्या निबंधात दिला आहे. आणि त्यांनी आयुष्यभर अर्थशास्त्राचे अध्यापन केलेले असल्यामुळे, शिवाय निबंधास जमाखर्चाचे एक सविस्तर कोष्टक जोडलेले असल्यामुळे, त्या निवाड्यापुढे मंडळातील बहुतेकांनी निमूटपणे मान तुकविली. मान तुकविणाऱ्यांत अंगातील पोलके स्वतःच्या हाताने शिवलेल्या दोघी-तिघी होत्या, ही गोष्ट मला विशेष खटकली. विद्वत्तेचा आदर राखणे हा आपला जुना शिरस्ता आहे आणि तो मोडावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु निवाडा एकतर्फी झाला असेल आणि प्रतिवादीस नोटीसही पोहोचली नसेल, तर निदान कैफियत दाखल करण्याचा हक्क तरी शाबूत राहिला पाहिजे. ती कैफियत मी येथे मांडीत आहे. आणि ती मांडताना प्राध्यापकमहाशयांइतकाच, किंबहुना कांकणभर अधिकच, आमच्या बाजूने आजवर बोलत आलेल्या वकिलांचा समाचार मला घ्यावा लागणार आहे.

प्राध्यापकमहाशयांचे मुख्य प्रतिपादन एका दृष्टान्तात सामावलेले आहे. ज्या तालुक्यात अहोरात्र यंत्रमाग चालतात आणि ज्या रस्त्याच्या दुतर्फा तयार मालाने भरलेली गोदामे उभी आहेत, तेथे बसून घरी कुडता शिवणे म्हणजे गंगेच्या काठी राहून विहीर खणणे होय, असे ते म्हणतात. दृष्टान्त संस्कृतातून आलेला असून भारदस्त आहे. त्याचा दोष एवढाच की तो कशेळीस लागू पडत नाही. कशेळी गंगेकाठी वसलेली नसून खाडीकाठी वसलेली आहे. बाळकुमचा नाका मागे टाकून पुलावर आले की खाली जे विस्तीर्ण पाणी दिसते ते भरती-ओहोटीचे मचूळ पाणी. त्यात येथील आगरी-कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली, त्याच्या काठच्या खारजमिनीत भात पिकविले, परंतु तहान लागली म्हणजे त्यांना गोड्या पाण्याची वेगळी तजवीज करावी लागे. गोडे पाणी दिसत नव्हते असे नाही. १८९२ साली पुऱ्या झालेल्या योजनेपासून तानसा तलावाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईकडे जातच आहे. पाण्याजवळ राहणे आणि पाणी पिण्यास मिळणे या दोन गोष्टींतील अंतर कशेळीच्या माणसास दृष्टान्त देऊन समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कापडाचीही नेमकी हीच गत आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग मांडले, विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि आज धामणकर नाक्यापासून कोणत्याही गल्लीत शिरले तरी मागांचा खडखडाट कानी पडल्यावाचून राहत नाही, हे सर्व खरे. परंतु मागावरून उतरते ते कोरे, कांजी चढविलेले, धुवट होण्यापूर्वीचे कापड; ते तेथून ठोक व्यापाऱ्याकडे, पुढे रंगाई-छपाईच्या कारखान्यांकडे, कधी गुजरात-राजस्थानातही जाते, आणि कोठेतरी दूरच्या गावी त्याचे कपडे होऊन ते खोक्यांत बंद स्थितीत पुन्हा आमच्याच काल्हेर-कशेळीच्या गोदामांत येऊन पडतात. गोदाम हे दुकान नव्हे. तेथील माल आमच्या खिडकीसमोरून ट्रकांत चढतो आणि मेट्रोच्या खांबांखालून, वाहनांच्या रांगांत रखडत रखडत, परगावी निघून जातो. कशेळीच्या माणसास त्यातला एक सदरा हवा असेल तर त्याने तो फोनवरून मागवावा, म्हणजे तो कोणत्या गावास वळसा घालून त्याच्या दाराशी येईल हे देवच जाणे. तेव्हा सान्निध्याच्या आधारे केलेला हा युक्तिवाद नामंजूर करणे भाग आहे. खाडीकाठी राहणाऱ्याने विहीर खणली तर तो मूर्ख ठरत नाही.

आता कोष्टकाकडे वळू. कापड, अस्तर, दोरा, हूक, यंत्राचा घसारा आणि शिवणाऱ्याच्या तासांची चालू दराने मजुरी अशा रकमा मांडून प्राध्यापकमहाशयांनी असे सिद्ध केले आहे की, घरी शिवलेला कुडता तयार कुडत्याच्या सुमारे दीडपट किमतीस पडतो. ही बेरीज मी नाकबूल करीत नाही. उलट चुकीचे कापले गेलेले कापड, मोडलेल्या सुया आणि जुळणारा दोरा मिळविण्यासाठी ठाण्याच्या जांभळी नाक्यापर्यंत केलेली पायपीट या बाबी त्यांनी धरलेल्याच नाहीत. त्या धरल्या तर रक्कम दुपटीवरही जाईल. माझी हरकत बेरजेस नसून जमेच्या बाजूस आहे, कारण त्या बाजूस त्यांनी ‘कुडता, नग एक’ एवढीच नोंद करून खतावणी मिटून टाकली आहे. जणू काही दोन्ही कुडते एकाच जातीची वस्तू आहेत.

ते तसे नाहीत, आणि हे पाहण्यासाठी अर्थशास्त्र लागत नाही. दोन्ही कुडते उलटे करून पाहिले म्हणजे पुरे. कारखान्यात शिवलेल्या कुडत्याची बाजूची शिवण पाहावी: ओव्हरलॉकच्या यंत्राने कापडाची कड शिवताशिवताच छाटून टाकलेली असते आणि शिवणीच्या आत पाव-अर्धा इंच कापडही शिल्लक नसते. जिला शिंपी ‘माया’ म्हणतात ती आतील जादा पट्टी तेथे ठेवलेलीच नसते, आणि ठेवू नये असाच तेथील हुकूम असतो. कारण हजारो नगांच्या कापणीत प्रत्येक शिवणीमागे वाचलेली बोटभर पट्टी अखेरीस कापडाच्या गठ्ठ्यांच्या हिशेबात उतरते. असा कुडता घालणाऱ्याचे अंग वर्षभरात दोन बोटे भरले, म्हणजे त्या कुडत्याचे आयुष्य संपले. घरी शिवणारी बाई मात्र इंच-दीड इंच माया ठेवल्याखेरीज कात्री चालवीत नाही. ती मुलीच्या परकरास आडवी दुमड घालते आणि दर वर्षी ती थोडी थोडी सोडते. शाळेच्या गणवेशाची खालची पट्टी तीन बोटे आत वळविते आणि जूनमध्ये उसवून पुन्हा घालते. बाह्या विरल्या तर त्याच कापडाच्या जपून ठेवलेल्या कतरणीतून त्या बदलते. कपडा हा घेतल्या क्षणी पुरा झालेला आणि तेथून पुढे केवळ झिजत जाणारा जिन्नस आहे, की उसवून पुन्हा जुळविता येईल अशी एक चालू व्यवस्था आहे, हा या वादातील खरा मुद्दा आहे; आणि तो प्राध्यापकमहाशयांच्या कोष्टकाच्या कोणत्याच रकान्यात मावत नाही, म्हणून त्यांनी तो गाळला.

मापांची गोष्ट याहून विलक्षण आहे. आपल्या बाजारातील तयार कपड्यांवर जी मापे छापलेली असतात, ती बहुतांशी परदेशी तक्त्यांत थोडाफार फेरफार करून बसविलेली. या देशातील माणसांची अंगे मोजून आपला स्वतःचा मापतक्ता करावा ही कल्पना सरकारदरबारी मूळ धरण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ६ शहरांतून २५,००० हून अधिक माणसांची मापे घेण्याचे काम त्यासाठी हाती घेतले. ते काम स्तुत्यच आहे. परंतु कितीही माणसे मोजली तरी तक्त्यातून निघणार ती सरासरी. आणि सरासरीचा एक खांदा दुसऱ्याहून अर्धा इंच खाली कधीच नसतो, तिच्या पाठीस पोक नसते, बाळंतपणानंतर तिची कंबर बदलत नाही. डोक्यावरून हंडे वाहिलेल्या बाईची मान आणि खुर्चीत बसून कारकुनी केलेल्या बाईची मान यांस एकच गळा बसावा हा आग्रह कारखान्याचा आहे, शरीराचा नव्हे.

एकदा शिवणास बसलेली व्यक्ती बाजारातही वेगळ्या डोळ्यांनी वावरू लागते, हे मी पुष्कळ घरांतून पाहिले आहे. तिला कुडता दाखविला की ती प्रथम तो उलटा करते. टीप किती दाट आहे, माया किती आहे, खिशाच्या तोंडाशी टीप दुहेरी आहे की नाही, काजाचे टाके सुटे आहेत काय, हे पाहते. पुढच्या भागाच्या मधोमध एक उभा धागा डोळ्याने धरून तो खालपर्यंत सरळ उतरतो की नाही याची रुजवात घेते. कापड वाचविण्यासाठी नग तिरके बसवून कापले असतील तर पहिल्या धुण्यानंतर बाजूची शिवण पुढे पोटावर सरकून येणार, हे तिला दुकानातच कळते. आणि ज्यास ते कळत नाही तो घरी जाऊन स्वतःच्याच अंगास दोष देत बसतो. हे ज्ञान पुस्तकी नाही, ते व्याख्यानाने येत नाही. ते हाताने कापड बिघडविल्यावाचून येत नाही, आणि म्हणूनच बिघडलेल्या कापडाची रक्कम खर्चात मांडणाऱ्याने त्याच्यासमोर जमेतही काहीतरी मांडले पाहिजे.

येथे मला आमच्या बाजूच्या वकिलांकडे वळणे प्राप्त आहे. घरच्या शिवणाचा खटला प्राध्यापकांनी बिघडविला नाही. तो, काटकसरीच्या नावाने ज्यांनी त्याची तरफदारी केली, त्यांनी आधीच बिघडवून ठेवला होता. मुलींच्या शाळांतून शिवणाचा तास ठेवणाऱ्यांनी सांगितले की सुगृहिणीने चार पैसे वाचविले पाहिजेत. स्त्रियांच्या मासिकांनी झबली-टोपडी, दुपटी आणि कुंच्या यांचे कागदी नमुने छापताना त्याच चार पैशांचा हवाला दिला. आणि आता निवडणुका जवळ आल्या की गावोगावच्या मंडपांतून शिवणयंत्रांचे वाटप होते, तेव्हा व्यासपीठावरून पुन्हा तेच चार पैसे वाजविले जातात. मंडपात यंत्र मिळते, हार मिळतो, छायाचित्र निघते. कात्री मिळत नाही, आणि बेतणे शिकवील असे माणूस तर मिळतच नाही. सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत शिंप्याचा धंदा अठरा धंद्यांत धरला आहे, त्यात प्रशिक्षणाची आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद आहे. ती धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि योग्यच आहे. परंतु जी बाई किंवा जो पुरुष धंदा करू इच्छीत नाही, त्याच्यापुढेही धंद्याचेच आमिष धरले की निष्पत्ती एकच होते: तो हिशेब करतो, हिशेब जुळत नाही, आणि यंत्रावर चादर टाकून मोकळा होतो. काटकसरीचा दावा एकदा मान्य केला की प्राध्यापकमहाशयांचे कोष्टक अजिंक्य ठरते. म्हणून तो दावाच मी या कैफियतीतून काढून घेत आहे.

शिवणात मनस्ताप अपार आहे, आणि नवशिक्यास तो लपवून ठेवणे ही आमच्या वकिलांची दुसरी लबाडी. कोरे कापड बाजारातून आणून तसेच बेतले तर पहिल्या धुण्यात कांजी निघून ते इतके आटते की कुडत्याची बंडी होते. म्हणून ते आधी रात्रभर भिजत घालून वाळवावे लागते, आणि हौसेने नवे कापड आणणाऱ्यास त्याच दिवशी ते बादलीत बुडविण्याइतके दुःख दुसरे नसेल. सुईचा क्रमांक कापडाप्रमाणे बदलावा लागतो. मलमलीस जी अकरा नंबरची चालते ती जाड कापडात मोडते, आणि जाड कापडाची सोळा नंबरची मलमलीस छिद्रे पाडते. टिपा सुटू लागल्या तर दहांतील आठ वेळा सुई बोथट झालेली असते किंवा तिची चपटी बाजू उलटी बसविलेली असते, परंतु नवशिका तोवर यंत्राचे सर्व स्क्रू ढिले करून चुकलेला असतो. कापडाच्या खालच्या अंगास दोऱ्याचा गुंता झाला की तो बॉबिनची डबी काढून तिला दूषणे देतो. वस्तुतः गुंता खाली दिसत असला तरी दोष बहुधा वर असतो, वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. एलायस हौ याने १० सप्टेंबर १८४६ रोजी ज्या यंत्राचे पेटंट मिळविले त्याचे सारे रहस्य दोन दोऱ्यांच्या या परस्परताणात आहे: वरच्याने खालच्यास आणि खालच्याने वरच्यास सारख्याच जोराने ओढले म्हणजे गाठ कापडाच्या मधोमध पडते, दोहोंतील एक जरा जोरदार झाला की ती त्याच्या बाजूस उघडी पडते. हे तत्त्व समजावयास एक क्षण लागतो आणि हातात उतरावयास महिने लागतात.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे बाही. ज्याने कधी मुंढ्यात बाही बसविली नाही त्याने शिवणाविषयी मत देऊ नये, असे मी म्हणणार नाही, कारण मग मत देणारे फार थोडे उरतील. परंतु त्याने निदान एकदा एखादी हौशी व्यक्ती ते काम करीत असताना जवळ बसून पाहावे. बाहीच्या माथ्याचा गोलवा मुंढ्याच्या गोलव्यापेक्षा जाणूनबुजून थोडा अधिक लांब ठेवलेला असतो, कारण खांदा हा सपाट पृष्ठभाग नव्हे. तो जादा सैलपणा चुण्या न पडू देता वरच्या भागात बोटांनी समसमान पसरवावा लागतो आणि काखेकडे मात्र कापड अगदी बरोबर यावे लागते. कच्चा टाका घालून पाहावे तर सारे ठीक दिसते. यंत्राखाली धरले की दाते खालच्या कापडास पुढे नेतात, वरचे मागे रेंगाळते, आणि शेवटास पोहोचताच बोटभर कापड उरते, ज्याचे काय करावे हे कोणत्याच शास्त्रात लिहिलेले नाही. मग उसवणे. पुन्हा बसविणे, आणि बसविल्यावर कळावे की डावी बाही उजव्या मुंढ्यात गेली आहे, म्हणून पुन्हा उसवणे. प्राध्यापकमहाशय विचारतात की ज्या उद्योगात माणूस केलेले काम स्वतःच मोडतो त्यास उद्योग कसे म्हणावे. माझे उत्तर असे की, उसवता येणे हीच या विद्येची सनद आहे. शिवणे यंत्रही करते. उसवावे कोठे, किती, आणि कोणता टाका धरला असता बाकीचे कापड न फाटता सुटेल, हे हातासच ठाऊक असते. धंदेवाल्यास उसवणे परवडत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक दाराशी उभे असते; हौशी माणसास ते परवडते, आणि त्याच्या अव्यवसायीपणाची जी काही श्रीमंती आहे ती एवढीच. ज्या संध्याकाळी बाही न चुणता मुंढ्यात बसते, त्या संध्याकाळी घरातील माणसांस कारण नसता गोड बोलले जाते, ही बाब कोष्टकात धरावी की नाही हे मी त्यांच्यावर सोपविते.

घरोघर शिवण होऊ लागले तर शिंप्याचे पोट मारले जाईल, असाही एक करुण मुद्दा निबंधात आहे. ही भीती नवी नाही. बार्तेलेमी थिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ती यंत्रे पॅरिसमध्ये लष्करी गणवेश शिवू लागली, तेव्हा संतप्त शिंप्यांच्या जमावाने त्याचा कारखाना फोडला. त्या शिंप्यांचे भय कारखान्याचे होते, कोणाच्या माजघरातील यंत्राचे नव्हते. आणि ते भय खरे ठरले. आज आमच्या भागातील शिंप्याचे गिऱ्हाईक कोणी पळविले असेल तर ते गोदामातील खोक्यांनी पळविले आहे. घरी शिवणारी बाई उलट त्याच्या दारी वारंवार जाते: कड ओव्हरलॉक करून घेण्यास, काज पाडून घेण्यास, साडीस पिको-फॉल करण्यास, आणि मुख्यतः अडले की विचारण्यास. नामदेवांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या समाजातील जुन्या कारागिरांनी ही विद्या कधी कोंडून ठेवली नाही. मुंबईत झारापकरांनी तर बेतण्याची पद्धत गणितात बसवून तिचे पुस्तक केले, विद्यालय काढले, आणि छातीच्या मापावरून बाकीचे आराखडे काढण्याची ती रीत महाराष्ट्रातील कितीतरी घरांत वर्तमानपत्राच्या कागदावर आणि मग मांजरपाटावर गिरविली गेली. ज्यास स्वतः शिवता येते तोच शिंप्याच्या मजुरीत घासाघीस करीत नाही, कारण कटोरी पोलक्यात किती तुकडे असतात हे त्याने मोजलेले असते.

प्राध्यापकमहाशयांच्या एकाच आक्षेपापुढे मला थबकावे लागते. ते म्हणतात की सुई ही पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीच्या गळ्यात बांधलेली होती, तयार कपड्यांनी ती गाठ सोडविली, आणि हौसेच्या नावाखाली ती पुन्हा बांधण्यात कसली संस्कृती आहे? यात तथ्य आहे. शाळेत मुलांस मैदान आणि मुलींस शिवणाचा तास, ही वाटणी न्यायाची नव्हती, आणि तो तास संपल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या मुली आळशी नव्हत्या. परंतु इतिहासाची दुसरी बाजूही दप्तरात आहे. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाचे काम सुरू झाले, तेव्हा तेथे येणाऱ्या विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांस शिवणाच्या वर्गाने जी स्वतंत्र भाकरी मिळवून दिली तिला बेडी म्हणता येणार नाही. यंत्राविषयी एकूणच साशंक असलेल्या गांधीजींनीही, १९२४ साली एका तरुणाशी झालेल्या संवादात, शिवणयंत्रास आपल्या निषेधातून वगळले, आणि कारण दिले ते असे की सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र सिद्ध केले. (सिंगरमहाशयांचा प्रपंच पाहता, त्यांनी अनेक संसार थाटले होते आणि त्यांना दोन डझन मुले होती, पत्नीप्रेमाचा हा दाखला फारसा टिकणारा नाही, परंतु यंत्र चांगले निघाले हे खरे.)

आणि तयार कपड्यांनी गाठ कोणाची सोडविली, हेही एकदा तपासले पाहिजे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्या जगातील दुकानांसाठी तयार कपडे शिवीत होत्या. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यातच कारखान्यांतून आलेल्या कपड्यांचे लोंबणारे धागे तोडण्याचे काम नगावारी घरोघरच्या बायकांस वाटले जाते, आणि त्या पाठ वाकवून ते करतात. सुई स्त्रीच्या हातातून गेलेली नाही. ती एका स्त्रीच्या हातातून निघून अधिक गरीब स्त्रीच्या हातात, तीही दुसऱ्याच्या मापाने आणि दुसऱ्याच्या दराने, गेली आहे. तेव्हा आक्षेप घ्यावयाचा तर तो सक्तीवर घ्यावा आणि नगावारी मजुरीवर घ्यावा. त्यात मी त्यांच्या मागोमाग सही करीन. आणि मुलींच्या तासाचा अन्याय दूर करावयाचा तर तास बंद करून नव्हे, मुलग्यांस त्यात बसवून. आमच्या कशेळीच्या फर्निचर-बाजारात सोफ्यांच्या खोळी शिवणारे सारे कारागीर मी तरी पुरुषच पाहिले आहेत. जाड रेक्झिनवर त्यांची जी सरळ टीप पडते ती पाहून कोणासही वाटणार नाही की या कामास विशिष्ट जन्म घ्यावा लागतो.

राहता राहिला त्यांचा अखेरचा पुरावा. आमच्या परिसरातील कित्येक घरांत शिवणयंत्रे आहेत, परंतु त्यांपैकी बहुसंख्य चादरीखाली निपचित पडून आहेत, कोणावर दूरदर्शन-संच ठेवला आहे, कोणावर देवाचा फोटो. लोकांनी कृतीने दिलेला हा फैसला नव्हे काय, असे ते विचारतात. मी असा फैसला कबूल करीत नाही, कारण त्या यंत्रांपैकी पुष्कळशी मी चादर उचलून पाहिली आहेत. खाडीच्या दमट हवेने सुई गंजलेली असते, दातांच्या खाली जुन्या कापडाचा भुसा दाटलेला असतो, तेल वर्षानुवर्षे घातलेले नसते. मोडलेले असे काहीच नसते. लोक कंटाळले नाहीत. दुरुस्त करून देणारा मिस्त्री वस्तीत राहिला नाही आणि शिकविणारी शेजारीण मजले वाढल्यावर ओळखीची उरली नाही. खुद्द प्राध्यापकमहाशयांच्या घरातील यंत्र, ज्याचा उल्लेख त्यांनी निबंधात कायमचे निकामी म्हणून केला, तेही मला ठाऊक आहे. त्याचा चामड्याचा पट्टा सैल पडला आहे, म्हणून पायटा हलविला तरी चाक फिरत नाही. पट्ट्याची तार उघडून दोन बोटे चामडे कापावे आणि पुन्हा जोडावे, एवढेच काम आहे, आणि त्यास अर्ध्या घटकेहून अधिक वेळ लागत नाही.